क्लॅप्टन पस्तिसावा कसा? गिटारवादकांच्या याद्या आणि चाहत्यांची भांडणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोलिंग स्टोन मासिकाच्या २०११ च्या सर्वश्रेष्ठ गिटारवादकांच्या यादीत एरिक क्लॅप्टन दुसरा होता. २०२३ च्या यादीत तो पस्तिसावा झाला आणि गायिका-गीतकार जोनी मिचेल नववी आली. तुमचा मित्र म्हणतो यादी रद्दीत टाकायच्या लायकीची आहे, तुम्हाला तसं वाटत नाही, पण त्याला काय सांगावं ते सुचत नाही. जे स्वतः वाजवतात त्यांना काय वाटतं, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देऊन टाकतो. क्लॅप्टनच्या बाबतीत तुमचा मित्र बरोबर आहे, जोनी मिचेलच्या बाबतीत मासिक बरोबर आहे. मात्र क्लॅप्टनची बाजू घेणारे जी कारणं देतात ती बहुतेक वेळा कच्ची असतात, आणि जोनीच्या नावाला नाक मुरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचं एखादं गाणं हातात गिटार घेऊन वाजवून पाहिलेलं असतं. मी पंचवीस वर्षं वाजवतो आहे, त्यातली बरीचशी शिकवण्यात गेली. हा वाद माझ्यासमोर इतक्या वेळा झालाय की त्यात नेमकं कुठे अडकायला होतं ते आता मला पाठ झालंय.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या. ‘रोलिंग स्टोनची यादी’ असं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलल्यासारखं बोलतो, पण त्या तीन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि करणारेही वेगवेगळे. २००३ ची शंभर नावांची यादी ही डेव्हिड फ्रिक या एका समीक्षकाची निवड होती. २०११ साली गिटारवादक आणि जाणकार मंडळींकडून मतं घेतली गेली. २०२३ साली मासिकाने स्वतःच नव्याने मांडणी केली आणि नावं थेट २५० केली. तिन्ही याद्यांत पहिला नंबर जिमी हेंड्रिक्सचा. त्याच्या खाली मात्र नुसती उलथापालथ आहे. एडी व्हॅन हॅलन २००३ मध्ये सत्तरावा, २०११ मध्ये आठवा, २०२३ मध्ये चौथा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर ८२, मग १४, मग २८. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी ८६, २५, १३. जोनी मिचेल ७२, ७५ आणि एकदम ९. क्लॅप्टन ४, २ आणि धाडकन ३५.

आता एडीचंच बघा. त्याचं ‘इरप्शन’ १९७८ साली बाजारात आलं. पावणेदोन मिनिटांच्याही आत संपणारा तुकडा. २००३ ते २०२३ या वीस वर्षांत त्यातला एक सूर बदललेला नाही. मग तोच माणूस सत्तराव्या जागेवरून चौथ्या जागेवर कसा येतो? मोजणारे बदलले आणि त्यांचं माप बदललं. २००३ च्या यादीत निर्वाणाचा कर्ट कोबेन बारावा, रमोन्स या पंक बँडचा जॉनी रमोन सोळावा आणि एडी सत्तरावा होता. ते बघून गिटार वाजवणारी पोरं त्या वेळी किती भडकली होती ते मला चांगलं आठवतं. पण फ्रिकने बोटांची कसरत मोजलीच नव्हती. त्याने मोजलं होतं ते गाण्यात गिटार काय काम करते ते. रमोनचा उजवा हात आठवा. सगळे फटके वरून खाली, पूर्ण गाणंभर, न थांबता. ज्याने ते तीन मिनिटं करून पाहिलंय तो त्याला फुकटचा सोळावा म्हणणार नाही. एडीला सत्तरावर ठेवणं मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवर, जिथे तारा दाबतात) टॅपिंग, म्हणजे तारांवर बोटं आपटून सूर काढणं, त्याच्या आधीही होतं, जेनेसिसच्या स्टीव्ह हॅकेटने ते १९७१ मध्येच रेकॉर्डवर केलंय. पण एडीनंतर जगभरच्या पोरांचा उजवा हात तारा छेडायची पिक सोडून फ्रेटबोर्डवर आला. एवढा बदल घडवणाऱ्याला सत्तरावा ठेवायचा तर माप कुठलंही असो, ते वापरताना हात चुकला असंच म्हणावं लागेल.

२०२३ च्या यादीचं एक मला आवडलं. आपण काय मोजतोय ते त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं होतं. सफाईपेक्षा भावना, घोटीवपणापेक्षा नवी वाट, नुसत्या तंत्रात तरबेज असणाऱ्यांपेक्षा धोका पत्करणारे आणि सुरुवात करून देणारे. शिवाय ज्यांनी आपलं वादन चांगल्या गाण्यांच्या आणि अल्बमच्या कामी लावलं त्यांना झुकतं माप. ही प्रस्तावना वाचली की निम्मं भांडण तिथेच मिटतं. पण लोक ती वाचतच नाहीत. थेट आपल्या माणसाचा आकडा शोधतात, तो खाली दिसला की संतापतात. तुमच्या मित्रानेही ती वाचली आहे का, एवढं आधी विचारा.

या मापाने सगळ्यात जास्त फायदा झाला तो रिदम, म्हणजे गाणंभर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि लय धरून ठेवणारी गिटार, वाजवणाऱ्यांचा. शिकवणारा माणूस म्हणून मला याचा मनापासून आनंद झाला. नाइल रॉजर्स सातवा आला. जेम्स ब्राऊनच्या बँडमधला जिमी नोलन पहिल्या पंधरांत आला. चाहत्यांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच: ज्यांचा धड एक सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) आठवत नाही ते वर कसे?

माझ्याकडे एक मुलगा शिकायला यायचा. सतरा-अठरा वर्षांचा, बोटं विलक्षण चपळ. यादी आली त्या आठवड्यात तो तणतणत आला. ‘सर, नाइल रॉजर्स सातवा? दोन कॉर्ड तर वाजवतो तो!’ मी काही बोललो नाही. रॉजर्सच्या शीक या बँडचं १९७९ चं ‘गुड टाइम्स’ लावलं आणि म्हटलं, याच्याबरोबर वाजव. कॉर्ड त्याला अर्ध्या मिनिटात सापडल्या, त्यात अवघड काही नव्हतंच. खरी गोष्ट उजव्या हाताची आहे. गाण्याची लय मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास, आणि प्रत्येक ठोक्यात हात चार वेळा फिरतो, खाली-वर-खाली-वर. म्हणजे मिनिटाला चारशे चाळीसच्या घरात. हात एकदाही थांबत नाही. पण त्यातले मोजकेच फटके सूर देतात. बाकीच्या वेळी डाव्या हाताची बोटं तारांवरून न उचलता नुसती सैल सोडायची असतात, म्हणजे तार फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) टेकत नाही आणि सुराऐवजी ‘चक्’ असा कोरडा आवाज येतो. शिवाय सहाही तारांवर झाडू मारल्यासारखं वाजवायचं नसतं. कधी वरच्या तीन तारा, कधी मधल्या दोन, आणि हे निवडतो तो त्याच फिरणाऱ्या मनगटातला जरासा कल. हे ‘चकिंग’ रॉजर्सला बँडमधला बास वाजवणारा बर्नार्ड एडवर्ड्स याने दाखवलं होतं.

तो मुलगा पहिलं मिनिट रुबाबात वाजवत होता. दुसऱ्या मिनिटाला त्याचा ‘चक्’ आणि सूर एकमेकांत मिसळायला लागले. मग हात आखडला, खांदा वर चढला, आणि हळूहळू तो गाण्याच्या पुढे पळायला लागला. हात दमला की लय संथ होईल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती पळते. अल्बमवरचं ते गाणं आठ मिनिटांहून मोठं आहे, आणि आठव्या मिनिटाला रॉजर्सचा हात पहिल्या मिनिटाइतकाच मोकळा आहे. मुलाने गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, ‘पुन्हा लावा.’ त्यानंतर चार महिने आम्ही दुसरं जवळपास काही केलं नाही. आज तो व्यवसायाने वाजवतो, आणि त्याला काम मिळतं ते रिदमसाठी.

सोलो हा गाण्यातला जेमतेम वीस-तीस सेकंदांचा भाग, उरलेली साडेतीन मिनिटं गिटार जे करते ते रिदम. याद्यांवरून भांडणारे बहुतेक जण या वीस सेकंदांवरच भांडत असतात. त्या दृष्टीने २०२३ ची यादी आधीच्या दोन्हींपेक्षा वादनाच्या जास्त जवळची आहे असं माझं ठाम मत आहे.

आता क्लॅप्टन. गंमत अशी की मासिकाने स्वतःच लिहिलेल्या मापाने मोजलं तरी पस्तीस हा आकडा टिकत नाही. ‘सुरुवात करून देणारे’ म्हणता ना? मग १९६६ मध्ये जा. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर क्लॅप्टनने एक अल्बम केला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. गिबसन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र. त्या काळी स्टुडिओत गिटारवादकाने आवाज बेताचा ठेवायचा हा शिरस्ता होता. क्लॅप्टनने सांगितलं, स्टेजवर जेवढा ठेवतो तेवढाच ठेवणार, कारण अँप त्या पातळीला गेल्याशिवाय त्याच्या मनातला आवाज निघतच नव्हता. अँपचे व्हॉल्व्ह पूर्ण ताणले गेले की सूर जाड होतो, त्याला जरा खरखर येते, आणि मुख्य म्हणजे तो लवकर विझत नाही. सूर लांब टिकला की त्याला हलवायला, वाकवायला, मींड घ्यायला वेळ मिळतो. रॉक सोलोचं सगळं व्याकरण या लांब टिकणाऱ्या सुरावर उभं आहे. गिबसनने लेस पॉलचा तो जुना आकार १९६० नंतर बनवणं बंद केलं होतं. क्लॅप्टन आणि त्याच्या मागून आलेल्या मंडळींच्या हातात ती गिटार दिसायला लागली, मागणी वाढली आणि १९६८ मध्ये कंपनीला ती पुन्हा आणावी लागली. एका वादकाच्या कानामुळे वाद्याचा बाजार फिरला, असं गिटारच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.

तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, क्लॅप्टनसाठी भांड, पण किती रेकॉर्ड खपल्या, किती पुरस्कार मिळाले, किती वर्षं टिकला, हे सांगत बसू नकोस. त्याचं नंतरचं बरंच काम मला स्वतःला साधारण वाटतं आणि ते साधारण म्हणायला मला संकोच नाही. १९६६ ते १९७० या चार-पाच वर्षांतलं काम तेवढं मोजलं तरी तो पहिल्या दहांत बसतो.

जोनी मिचेलबद्दल मात्र मासिकाच्या बाजूने बोलतो. तिला लहानपणी, नऊ वर्षांची असताना, पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या अवघड कॉर्डवर चार बोटं ताणून बसवणं तिला जड जायचं. म्हणून तिने ताराच वेगळ्या लावायला सुरुवात केली, इतक्या की तिच्या ट्यूनिंगची संख्या पन्नासच्या वर जाते. ‘हात चालत नव्हता म्हणून सोपं करून घेतलं’ असं यावर कुणी म्हणतं तेव्हा मला खरोखर राग येतो. मी एकदा तिचं एक गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये उतरवायला बसलो. तिच्या गिटारवर जी कॉर्ड एका-दोन बोटांत येते, तीच पकडायला मला डाव्या हाताची बोटं पाच फ्रेटवर पसरावी लागली, आणि तरीही एक सूर राहिलाच, कारण तो जिथे होता तिथे पोचायला बोट उरलं नव्हतं. शेजारी-शेजारी असलेले दोन सूर एकाच वेळी दोन मोकळ्या तारांवर घुमतात आणि खाली बास वेगळीच वाट चालतो. गिटारला त्याआधी ठाऊक नसलेल्या कॉर्ड तिने गिटारमधून काढल्या. सोलो एकही नाही, आणि त्याची गरजही नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर आयोमीबद्दल सांगायलाच हवं. तो बर्मिंगहॅमचा, डावखुरा. सतरा वर्षांचा असताना कारखान्यात पत्रा कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुऱ्याचा उजवा हात म्हणजे तारा दाबायचा हात. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली होती आणि तरीही तो तसं वाजवत होता. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून ट्यूनिंगच खाली आणलं. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधल्या बऱ्याच गाण्यांत ते तीन अर्धस्वर खाली आहे. त्या खाली आणलेल्या, सैल, जड आवाजातून हेवी मेटल हा एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. २००३ मध्ये असा माणूस शहाऐंशीवा होता. त्यावर चाहत्यांनी आरडाओरडा केला तो योग्यच होता, आणि पुढच्या याद्यांत तो वर आला त्याचं थोडं श्रेय मी त्या आरडाओरड्यालाही देतो.

चाहत्यांच्या बाजूने एवढं बोललो, आता त्यांच्या दोन सवयींबद्दल. एक, ‘फील’ हा शब्द. गिलमोरचे चाहते तो फार वापरतात: बाकीचे बोटांनी वाजवतात, गिलमोर काळजातून वाजवतो. १९७९ च्या ‘कम्फर्टेबली नंब’चा शेवटचा सोलो माझ्याही आवडीचा. पण तो एका झपाट्यात, डोळे मिटून उतरलेला नाही. गिलमोरने पाच-सहा सोलो रेकॉर्ड केले, मग बसून प्रत्येकातला कुठला भाग चांगला त्याच्या खुणा केल्या आणि त्या तुकड्यांतून आज आपण ऐकतो तो सोलो जुळवला. यात त्याचं कमीपण काहीच नाही, उलट स्वतःचंच वाजवणं इतक्या निर्दयपणे निवडणं हे मोठं कसब आहे. पण मग ‘फील विरुद्ध तंत्र’ ही लढाई मुळातच खोटी आहे हे मान्य करावं लागतं. ब्लूज वाजवणाऱ्या बी. बी. किंगचा व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, घ्या. एका सुरात माणूस ओळखू येतो, यालाच लोक फील म्हणतात. तो येतो कुठून? पहिलं बोट तारेवर, अंगठा गळ्यापासून सुटा, बाकीची बोटं हवेत, आणि पूर्ण हात त्या एका बोटाच्या टोकावर फुलपाखरासारखा फडफडतो. स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) वाजवणारा त्याचा नातलग बुका व्हाइट याचा आवाज त्याला हवा होता, स्लाइड जमत नव्हती, म्हणून त्याने हातानेच ती थरथर घडवली. हे तंत्रच आहे, आणि ते यायला वर्षं लागतात.

दुसरी सवय दंतकथांची. हेंड्रिक्सला कुणीतरी विचारलं, जगातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक असणं कसं वाटतं, आणि तो म्हणाला, ‘मला काय माहीत, रॉरी गॅलाघरला विचारा.’ गॅलाघर हा आयरिश गिटारवादक. ही गोष्ट प्रत्येक वादात निघते. हीच गोष्ट टेरी कॅथचं नाव घालून सांगतात, फिल केगीचं नाव घालूनही सांगतात. ज्याचा चाहता, त्याचं नाव. केगीने तर ती स्वतःच नाकारली आहे. गॅलाघर थोर होता, त्याला या दाखल्याची गरज नाही. त्याची लाइव्ह रेकॉर्डिंग पुरेशी आहेत.

वगळलेल्या नावांवर मात्र भांडायलाच हवं. क्रमांकांवरून घातलेल्या वादापेक्षा त्याचा उपयोग मला जास्त वाटतो. २००३ च्या शंभरांत प्रिन्स नव्हता. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यावर त्याने जो सोलो वाजवला तो बघितल्यावर ती चूक कुणालाच झाकता आली नसती. २०२३ मध्ये तो चौदावा आहे. त्याच २००३ च्या यादीत बायका दोनच होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प नव्हती. चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर, अँप चढवून वाजवणारी ही बाई रॉक अँड रोलवाल्या चक बेरीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित झाला. पाऊस पडून गेलेला, प्रेक्षक एका फलाटावर आणि ती समोरच्या फलाटावर कोट घालून, पांढरी गिटार घेऊन. तिचा उजवा हात बघा आणि मग बेरीचं १९५८ चं ‘जॉनी बी. गूड’ ऐका. बेरीची ती सुरुवात थेट कार्ल होगन या गिटारवादकाच्या १९४६ च्या एका तुकड्यावरून आली आहे, पण तो रुबाब, तार खेचून प्रेक्षकांकडे बघणं, हे आधी तिच्याकडे होतं. २०२३ मध्ये ती सहावी आली तेव्हा ‘हे कोण नवीन?’ असं विचारणाऱ्यांची मला कीव आली नाही, त्यांना ती आता सापडली याचं बरं वाटलं. मासिकाच्या यादीने केलेलं हे मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं काम.

आणि या सगळ्या याद्या मुळात रॉक आणि त्याच्या सोयऱ्यांच्या आहेत, हे नावात कुठेच लिहिलेलं नसतं. अभिजात गिटार वाजवणारा आंद्रेस सेगोव्हिया किंवा फ्लेमेंको वाजवणारा पाको दे लुसिया यांना या मापात घालायला गेलात तर माप मोडेल.

मित्राशी बोलायचं तर एक करा. त्याला आधी ब्लूजब्रेकर्सचा १९६६ चा अल्बम ऐकवा, त्यातला गिटारचा आवाज किती लांब टिकतो तेवढंच ऐकायला सांगा, आणि क्लॅप्टनबद्दल तू बरोबर होतास हे मोकळेपणाने मान्य करा. मग त्याच्या हातात गिटार द्या आणि ‘गुड टाइम्स’ लावा. दुसऱ्या मिनिटापर्यंत थांबा.